चुंबळ उलगडताना

कॅन्सर झाला म्हटलं की लोक आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहतात. माझा तर तोंडाचाच होता, त्यामुळे जरा जास्तच. गाल किती काढला, दात किती राहिले, पाणी कसं पितेस, सगळं विचारून होतं. पाठीचं कुणी विचारत नाही. म्हणून मी हे पाठीचं लिहिते आहे. ज्यांना दिवसभर चालणाऱ्या ऑपरेशनला जायचं आहे आणि ज्यांना त्यांच्या उशाशी बसायचं आहे, त्यांनी सवडीनं वाचावं.

मी मंदा. आरमोरीच्या बसस्टँडजवळ आमचा पानठेला आहे. नवरा दिवाकर पानाला चुना-कात लावायचा आणि खर्रा घोटायचं काम माझं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन तळहातानं रगडत बसायचं. घोटता घोटता एक चिमूट गालात जायची. पुढचं सांगायला नको. त्यावर रडत बसायचा माझा स्वभाव नाही, आणि उपदेश करायला तोंडही धड राहिलेलं नाही. एके काळी मात्र माझ्या तोंडाचा पट्टा ऐकायलाच निम्मी गिऱ्हाइकं यायची, असं दिवाकर म्हणतो.

माझी एक मोठी बहीण आहे. मी तिला बाई म्हणते. आई गेली तेव्हा मी रांगत होते. मला आईचा चेहरा आठवत नाही, बाईचा आठवतो. तिनं मला बांधावर झोपवून धानाची रोवणी केली, वैनगंगेवरून पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, डोक्यावर आणले, आणि मला शाळेतही घातलं. ती स्वतः गेली नाही. गुंडाखाली डोक्यावर जी कापडाची गोल वळी ठेवतात, मध्ये पोकळ, तिला चुंबळ म्हणतात. बाईच्या मते जगात जे जे टोचतं त्या सगळ्यावर चुंबळ हाच इलाज. पाटावर ठेवायची हंडी असो की बाळंतिणीची कंबर.

धूर

आधी तोंड उघडेनासं झालं. मग गालात आतून एक चट्टा आला, तो तिखट लागलं की पेटायचा. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टच्या दिवशी मी खिडकीजवळच्या खुर्चीत होते. तिथून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. धूर वर जात होता, पण इतका सावकाश, की तो जातो आहे की जागीच उभा आहे ते कळेना. डॉक्टर बोलत होते. मला वाटत होतं, ते मंदा नावाच्या कुठल्यातरी बाईबद्दल दिवाकरला सांगत आहेत, आणि मी नुसती धुराची सोबत करायला आले आहे.

शब्द मात्र कानात पडत होते. आतून गाल काढावा लागेल. जबड्याचा तुकडाही. हाताची कातडी घेऊन तिथं लावायची. नंतर शेक. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. जखमा भरल्या की शेक वेळेवर सुरू झाला पाहिजे, उशीर झाला तर केलेल्या ऑपरेशनवर पाणी पडेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि ऑपरेशनला अख्खा दिवस लागेल, असंही.

तेव्हा मी धुरातून परत आले आणि विचारलं, दिवसभर एकाच कुशीवर?

दिवाकर कसनुसा हसला. "गाल कापून राह्यले, अन् ही कुशीचं पुसते."

डॉक्टर हसले नाहीत. प्रश्न बरोबर आहे म्हणाले, आणि ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर येऊन त्याबद्दल बोलतील असं सांगितलं.

दिवाकरला माहीत होतं मी ते का विचारलं. बाहेर आल्यावर तो माझ्या पिशवीचा बंद धरून चालत राहिला.

आबा

माझे वडील, आबा, टोरी तोडायला मोहाच्या झाडावर चढले होते. टोरी म्हणजे मोहाचं फळ, त्याचं तेल काढतात. फांदी मोडली आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश होते. घरी आणून बाजेवर झोपवलं. मग माकडहाडावर एक लाल ठिपका आला. तो काळा पडला. मग उघडला. पाय बरा होत होता आणि आबा जात होते. शेवटी त्या जखमेच्या तापातच गेले.

बाईनं त्यांचं सगळं एकटीनं केलं, डोळ्यांत तेल घालून. जखमेला काही टेकू नये म्हणून तिनं आईचं लुगडं काढलं, जपून ठेवलेलं एकुलतं एक, हिरवं, लाल काठाचं. ते पिळून-पिळून भली मोठी चुंबळ वळली आणि आबांच्या कमरेखाली दिली. आबा म्हणायचे, आता बरं वाटते. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

म्हणून मला चाकूची भीती नव्हती. मला झोपवतील आणि मी हलणार नाही, याची होती.

दोन वेण्या

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या सिस्टर वॉर्डात आल्या. पद्मा सिस्टर, सिरोंच्याच्या. मराठी बोलताना वाक्याचा शेवट तेलुगूसारखा थोडा लांबवायच्या, त्यामुळे त्या काहीही बोलल्या तरी अंगाई म्हटल्यासारखं वाटायचं. त्यांनी मला पालथं-उताणं करून पाहिलं. डोक्याची मागची बाजू, खांदे, कोपरं, माकडहाड, टाचा. जिथं हाड वर आहे तिथं बोटानं दाबून बघत होत्या. महिनाभर पेजेवर असल्यानं माझी हाडं चांगलीच वर आली होती. मी म्हटलं, सिस्टर, माझं तोंडाचं ऑपरेशन आहे. त्या म्हणाल्या, तोंडाकडे बघायला उद्या चार डॉक्टर आहेत.

मग मी त्यांना आबांचं सांगितलं. त्या पलंगाच्या कडेवर बसून सगळं ऐकत होत्या.

"झोपेतसुद्धा माणूस कूस बदलतो," त्या म्हणाल्या. "हाड टोचलं की अंग आपोआप हलतं. आपल्याला पत्ता पण लागत नाही. उद्या भुलीमध्ये तुमचं अंग ते विसरणार. तुमच्याऐवजी आम्ही लक्षात ठेवणार."

इतकं साधं मला आजारपणात कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी जोडवी काढायला लावली, कमरेचा करदोडा काढायला लावला, गळ्यातला ताईत तर आधीच गेला होता. मग माझा अंबाडा हातात घेऊन म्हणाल्या, हाही नको. दिवसभर डोकं त्याच्यावर टेकून राहील, आतल्या पिना रुततील, मागची कातडी मरेल. दोन वेण्या घाला, बाजूनं सोडा.

बाई तिथंच होती. तिनं फणी काढली. ती लहानपणी घालायची तशीच घट्ट, भुवया वर ताणल्या जातील अशी वेणी घालायला लागली. सिस्टर म्हणाल्या, ढिली घाला मावशी, शाळेत नाही जायचं. बाई हसली आणि सोडून पुन्हा घातली. पन्नाशी उलटलेली मी, दोन वेण्या घालून वॉर्डात बसले होते. समोरच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या, रिबिनी राहिल्या. मला त्या क्षणी खरंच वाटलं, की उद्या सकाळी बाई माझ्या हातात पाटी देईल आणि पांदणीनं शाळेपर्यंत सोडायला येईल.

टाचा हवेत

ऑपरेशनचं टेबल अरुंद असतं. आमच्या ठेल्याच्या फळीवर मी त्याहून ऐसपैस बसते. त्यावर एक जाड, थंड, पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत गादी होती. पद्मा सिस्टरांनी भूल देण्याआधी मला त्यावर उताणं झोपायला सांगितलं आणि विचारलं, कुठं टोचतं? आता सांगा, नंतर सांगता येणार नाही.

मी डोळे मिटून अंगभर हिंडून आले. उजव्या खांद्याखाली काहीतरी होतं. त्यांनी हात घालून पाहिलं, तर चादरीची घडी, एका बोटाएवढी. त्यांनी ती ओढून साफ केली. पोटऱ्यांखाली मऊ लोड दिला, तशा टाचा वर उचलल्या गेल्या. टाचांखाली काहीच नव्हतं. मग नाकावर काहीतरी आलं आणि कुणीतरी मला मोठे श्वास घ्यायला सांगितलं.

भुलीत स्वप्नं पडत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. मी वाद घालत नाही. मी नदीवर होते एवढं सांगते. हिवाळ्यातली वैनगंगा, पाण्यावर धुकं, आणि मी गुंड घेऊन वर चढते आहे. गुंडाला वजन नव्हतं. मी हात लावून पाहिला तर गुंडही नव्हता. मग कळलं की गुंड मीच आहे. कुणीतरी मला डोक्यावर घेतलं होतं आणि ती बाई संथ चालत होती, पाणी हिंदकळू न देता. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, वरून नुसता भांग दिसत होता. मधेमधे ती थांबायची, दोन्ही हातांनी मला जरा उचलायची आणि पुन्हा ठेवायची. मी विचारलं, थकली का? ती चालत राहिली.

पुढे कधीतरी मी पद्मा सिस्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही अधूनमधून तुमचं डोकं उचलून जरा वेगळं ठेवत होतो, टाचाही बघत होतो. डॉक्टरांना विचारून, त्यांचा हात थांबलेला असताना. एवढंच म्हणाल्या आणि हसल्या.

उलटा हात

जाग आली ती पिवळ्या उजेडात. गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, श्वासासाठी, त्यामुळे आवाज नाही. नाकातून दुसरी नळी, जेवणासाठी. डाव्या हाताची कातडी घेतलेली, तो पट्टीत. उजव्या हाताला सलाईन. बडबड्या बाईला शिक्षा द्यायची तर याहून चांगली सुचणार नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मा सिस्टर आल्या. ज्यांचं ऑपरेशन बराच वेळ चाललं त्यांची पाठ पाहायला त्या वॉर्डात यायच्या. मला कुशीवर करून त्यांनी सगळं तपासलं. डोकं, कोपरं, टाचा, सगळं स्वच्छ. माकडहाडावर थोडा गुलाबी पट्टा होता. त्यावर बोट दाबलं की पांढरा व्हायचा, सोडलं की पुन्हा गुलाबी. रक्त येतंय-जातंय, बरं आहे, म्हणाल्या. थोड्या थोड्या वेळानं कूस बदला, ओढू नका, उचलून सरकवा. आणि चादरीला सळ राहू देऊ नका.

आता मला कूस बदलायची आहे हे सांगायचं कसं? मी सलाईनचा हात उताणा-पालथा करायचे, तव्यावरची पोळी उलटवतात तसा. दिवाकरला पहिल्यांदा वाटलं मला पोळी हवी आहे. तो रडवेला होऊन सांगायला लागला, मंदा, अजून नाई जमत खायला, डॉक्टर मनते नळीतूनच. मला हसू आलं, पण हसायला गाल कुठं होता. हसू पोटातच हललं आणि टाक्यांना लागलं. तेवढ्यात त्याला समजलं. मग मात्र तो माझा हात उलटायची वाट पाहत बसायचा. दुपारी खिडकीतून ऊन फरशीवर यायचं, पलंगाच्या पायापर्यंत सरकायचं आणि परत जायचं. ते उजवीकडे असलं की मी उजव्या कुशीवर, डावीकडे गेलं की डाव्या. नळीतून भाताचं पातळ पाणी यायचं आणि मला त्याची चव नाकात लागायची. ते दिवस वाईट नव्हते, हे कुणाला खरं वाटणार नाही.

पदराखालची चुंबळ

बाई मधे घरी जाऊन आली. येताना पिशवीत आईच्या लुगड्याची चुंबळ घेऊन आली. आबांच्या वेळची, धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. ती जपून ठेवल्याचं मला माहीत नव्हतं.

सिस्टर रागावतील असं तिला वाटलं. म्हणून राउंड आला की चुंबळ तिच्या पदराखाली, आणि राउंड गेला की माझ्याखाली. खरं सांगते, पहिला तासभर स्वर्ग होता. माकडहाड पोकळीत तरंगत होतं, कशालाही टेकत नव्हतं. मी डोळ्यांनी बाईला सांगितलं, बरं वाटतं. तिचा चेहरा असा उजळला की मला लहान झाल्यासारखं झालं. कूस बदलायचं आमचं वेळापत्रक त्यात सैल पडलं. जिथं टेकतच नाही तिथं बदलायचं कशाला?

दोन-तीन दिवसांनी तिथं आग व्हायला लागली. टाक्यांचं दुखणं त्यापुढं काही नव्हतं. मी हात उलटायचे. बाईला वाटायचं, चुंबळ सरकली. ती आणखी नीट बसवायची, आणखी घट्ट. मला ओरडून सांगायचं होतं, काढ. माझ्याकडे तो एकच उलटा हात होता.

पद्मा सिस्टर पुन्हा पाठ पाहायला आल्या तेव्हा चुंबळ पदराखाली होती. मला कुशीवर केलं आणि त्या थांबल्या. बोट दाबलं, सोडलं, दुसऱ्या जागी दाबलं. मग दिवाकरला म्हणाल्या, बघा. त्यानं मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. माझ्या माकडहाडाभोवती एक गोल उमटला होता. जांभळा, पुरता वाटोळा, मध्ये लाल. दाबूनही पांढरा होत नव्हता.

काय ठेवलं होतं, सिस्टरांनी विचारलं. बाईनं पदर बाजूला करून चुंबळ पलंगावर ठेवली. गोलावर गोल बसला असता, इतकं माप जुळत होतं.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चुंबळ हातात घेतली, दाबून पाहिली. "मावशी, गुंड उतरवल्यावर डोक्यावर गोल वळ राहतो ना?"

"राह्यते."

"हाड टेकत नाही, पण कड दाबते. रक्त कडेवर अडतं. मधल्या कातडीला मिळतच नाही."

बाई चुंबळीकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मंग ज्याले अगुदरच जखम होती, त्याले?"

"त्याला तर जास्तच त्रास," सिस्टर म्हणाल्या. त्या खरं ते बोलल्या. बाई कुणाचं विचारते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मला आलं. दिवाकरलाही आलं, त्यानं मान खाली घातली.

संध्याकाळी डॉक्टर येऊन पाहून गेले. कातडी अजून फाटलेली नाही, म्हणाले. फाटली तर ती भरेपर्यंत शेक सुरू करता येणार नाही. आणि शेक थांबवून चालणार नाही. त्यांनी उपाय एकच सांगितला. तिथं भार द्यायचा नाही, चोळायचं नाही, तेल लावायचं नाही.

ते गेल्यावर बाई फरशीवर माझ्या पायाशी बसली आणि चुंबळ सोडायला लागली. पीळ उलगडत होती, एक एक. मी वरून पाहत होते. इतकं कापड त्यात असेल असं वाटलं नव्हतं. हिरवं, विटलेलं, लाल काठ तपकिरी झालेला, जागोजागी पिळाचे वळ. ते पलंगाखालून दारापर्यंत गेलं असतं. सगळं उलगडून झालं तेव्हा ती त्याच्या मधोमध बसली होती आणि तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

न बोलता येणारं

त्यानंतर बाईनं माझी कूस आपल्या हाती घेतली. दिवाकरला तिनं फक्त पायांचं काम दिलं. दोघं मिळून चादरीसकट उचलायचे, ओढायचे नाहीत. उताणं म्हणून झोपू देईना. पाठीला टेका द्यावा तशी उशी लावायची, गुडघ्यांमध्ये एक उशी, टाचा पुन्हा हवेत. दर वेळी गोलावर बोट दाबायची आणि सोडायची. पांढरं होते का पाह्य, दिवाकर, एवढंच बोलायची. नाई होत, बाई, तो म्हणायचा.

एरवी ती डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी तिच्याकडे पाहायचे तेव्हा ती माझ्याकडे पाहत नसायची, खिडकीकडे, त्या सावकाश धुराकडे पाहत असायची. ती कुठं होती ते मला माहीत होतं. ती आबांच्या बाजेशी बसली होती.

मला तिला सांगायचं होतं. आबांच्या वेळी घरात तसली लिबलिबीत गादी नव्हती, सिस्टर नव्हती, कूस बदलायला दुसरे दोन हात नव्हते. तुला कुणी सांगितलं नव्हतं. चुंबळ नसती तरी ती जखम कदाचित झालीच असती. आणि आबांना बरं वाटायचं, ते खोटं नव्हतं, मलाही वाटलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं, वाक्यं जुळवून, विरामांसकट. पण गळ्यात नळी होती. मी हात उलटवला तर ती उठून माझी कूस बदलायची. एकदा मी तिचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, टोचते काय? आणि चादरीचे सळ शोधायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचं खरं काम पडलं होतं, आणि मी गप्प होते.

स्वप्नं पडायची ती नदीचीच. पण आता मी डोक्यावर नसायचे, काठावर असायचे. गुंडवाली बाई पलीकडच्या काठानं चालायची आणि मी हाक मारायचे. धुक्यात हाक जायची नाही.

एका सकाळी पद्मा सिस्टरांनी दाबलेलं बोट उचललं. पुन्हा दाबलं. मग बाईला म्हणाल्या, तुम्ही दाबा. बाईनं दाबलं. जांभळ्यात एक फिकट ठिपका उमटला आणि हळूहळू भरला.

"आला," सिस्टर म्हणाल्या. "रक्त आलं."

बाई तिथंच खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी तिनं डबा खाल्ला.

गोल आधी तपकिरी झाला, मग कडेनं विरत गेला. कातडी फाटली नाही. डॉक्टरांनी शेकाची तारीख दिली आणि माझ्या गळ्यातली नळी काढायचं ठरलं.

हाक

नळी काढली. भोकावर पट्टी लावली. सिस्टर म्हणाल्या, पट्टीवर बोट ठेवा आणि बोला, काहीही. दिवाकर केस विंचरून पुढ्यात उभा होता. त्याला वाटलं असेल पहिला शब्द त्याच्या वाट्याचा. बाई माझ्या मागच्या बाजूला होती. तिनं आईचं लुगडं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलं होतं, आणि सिस्टरांना विचारून ते माझ्याखाली एकपदरी अंथरलं होतं. ती त्याचे सळ हातानं काढत होती.

मी इतके दिवस जुळवलेलं सगळं आठवलं. आबा, बाज, सिस्टर नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. पण आधी हाक मारायला हवी होती. मी म्हटलं, बाई.

ब साठी दोन्ही ओठ मिटावे लागतात. माझा खालचा ओठ एका बाजूनं लुळा होता. तो वर आलाच नाही.

"आई," मी म्हटलं.

पाठीमागचा हात थांबला. दिवाकर माझ्याकडे पाहत होता, मग माझ्या मागे पाहायला लागला. मला सुधारायचं होतं, मी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच आलं. वॉर्डात बादल्यांचे आवाज होते, कुणाचा तरी फोन वाजत होता.

बाईनं ओ दिली.

घरी

शेक संपला तेव्हा मोहफुलं पडून गेली होती आणि टोरी धरली होती. घरी आल्यावर, आवाज थोडा उमटायला लागल्यावर, मी बाईला ते सगळं एका दुपारी सांगितलं. तोंड वेडंवाकडं होत होतं, लाळ गळत होती, पण शेवटपर्यंत सांगितलं. ती लुगड्याची घडी घालत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मले तवा कोणी सांगतलं असतं तर."

"कोणी नाई सांगतलं, बाई."

"नाई सांगतलं," ती म्हणाली, आणि घडी पुरी केली.

म्हणून मी सांगते आहे. तुमच्या माणसाचं ऑपरेशन बराच वेळ चालणार असेल तर आधी विचारा, त्याच्या टाचा कुठं ठेवणार, डोकं कोण उचलणार. लाजू नका. मी विचारलं तर नवरा हसला, डॉक्टर हसले नाहीत. अंबाडा सोडा. करदोडा काढा. नंतर कूस बदला, उचलून, ओढून नाही. लाल दिसलं तर चोळू नका, दाबून पाहा, पांढरं होतं का. आणि घरात चुंबळ असेल तर ती गुंडाखालीच राहू द्या; दुकानात मिळते ती हवेची रबरी चकतीही माणसाखाली नको.

ठेल्यावर आता खर्रा नाही, चहाची शेगडी आहे. तोंडाचे व्यायाम करून ओठ बरेच मिटायला लागले आहेत. ब म्हणता येतो. बस, बिस्कीट, बरं चाललंय, सगळं स्पष्ट म्हणते. बाईशी बोलतानाही येतो. फक्त तिला लांबून हाक मारायची असली की मी ब गाळते. ती हातातलं काम टाकून ओ देते.